जिसाबुरो ओझावा : पागा हाती आली तेव्हा घोडे उरले नव्हते

धागाकर्ता : खाडीकाठ

नोकरीच्या निमित्ताने माझी सहा वर्षं विशाखापट्टणमला गेली. आमच्या घरमालकांच्या आई तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढे होत्या. त्या तेलुगूत बोलायच्या, मला अर्धंमुर्धं कळायचं, उरलेलं त्यांची सून हिंदीत सांगायची. एका सकाळी गच्चीवर मिरच्या वाळत घालताना त्यांनी बंदराकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, मी लहान होते तेव्हा तिथे विमानांनी बॉम्ब टाकले होते. चुलीवर भात रटरटत होता. आईने तो तसाच सोडला, दाराला कडी घातली, धाकट्या भावाला कडेवर घेतलं आणि सगळे चालत अनकापल्लीच्या वाटेला लागले. गल्लीतली बाकीची घरंही त्याच वाटेवर होती.

तारीख मी नंतर शोधली : ६ एप्रिल १९४२. त्याच दिवशी काकिनाड्यावरही बॉम्ब पडले. ही विमानं धाडली कुणी, हे बघायला गेलो आणि त्यातच दोन-तीन वर्षं अडकलो. बहुतेक ठिकाणी जपानी अ‍ॅडमिरल नागुमोंचं नाव येतं, कारण त्याच आठवड्यात त्यांच्या मोठ्या ताफ्याने कोलंबो (५ एप्रिल) आणि त्रिंकोमाली (९ एप्रिल) झोडपलं होतं. पण बंगालच्या उपसागरात शिरलेला ताफा वेगळा होता. तो व्हाइस अ‍ॅडमिरल जिसाबुरो ओझावा यांचा. पर्ल हार्बरमुळे यामामोतो आणि नागुमो ही नावं आपल्याकडे माहीत असतात. ज्याची विमानं खरोखर आपल्या किनाऱ्यावर आली त्याचं नाव मात्र मी सहा वर्षं त्याच गावात राहूनही ऐकलं नव्हतं. म्हणून हा धागा.

ओझावांचा जन्म २ ऑक्टोबर १८८६ चा, क्युशू बेटावरच्या मियाझाकी प्रांतातल्या ताकानाबे गावचा. नौदल अकादमीच्या ३७ व्या तुकडीतून ते १९०९ साली बाहेर पडले. १७९ जणांत ४५ वे. हा '३७' आकडा लक्षात ठेवा, पुढे तोच आडवा येणार आहे. अंगाने उंच, चेहरा राकट. जपानी घरांच्या छपराच्या टोकाला राक्षसाचं तोंड कोरलेलं कौल बसवतात, त्याला ओनिगावारा म्हणतात. तेच त्यांचं टोपणनाव पडलं होतं. शिक्षण पाणतीरांचं म्हणजे टॉर्पेडोचं. विनाशिकांवर उमेदवारी, मग माया ही क्रूझर, मग हारुना ही युद्धनौका, १९३७ साली संयुक्त आरमाराचे चीफ ऑफ स्टाफ. इथवर सरळ चढती कमान.

नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांना विमानवाहू नौकांच्या पहिल्या डिव्हिजनची सूत्रं मिळाली, ध्वजनौका आकागी. ओझावा स्वतः वैमानिक नव्हते. पण वर्षभर सराव पाहून त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. जपानच्या विमानवाहू नौका तेव्हा दोन-दोनच्या जोड्यांनी वेगवेगळ्या ताफ्यांना वाटून दिलेल्या होत्या. युद्धनौकांची लढाई हीच खरी लढाई, विमानांनी तिला हातभार लावायचा, अशी समजूत. जून १९४० मध्ये ओझावांनी नौदलमंत्र्यांकडे लेखी म्हणणं मांडलं : सगळी विमानं एका हाताखाली आणा, शांततेच्या काळातच आणा, एकत्र सराव करू द्या, म्हणजे एकाच वेळी सगळ्यांचा घाव घालता येईल. वरिष्ठांना ते लगेच पटलं नाही. पण एप्रिल १९४१ मध्ये पहिला हवाई ताफा उभा राहिला, आणि पुढे आठ महिन्यांनी पर्ल हार्बरवर सहा विमानवाहू नौकांची विमानं एकदम तुटून पडली ती याच रचनेमुळे.

त्या ताफ्याचं नेतृत्व ओझावांना मिळालं नाही. ते नागुमोंना मिळालं. नागुमो ३६ व्या तुकडीचे, एका वर्षाने ज्येष्ठ.

ओझावांच्या वाट्याला दक्षिणेकडची मोहीम आली. मलायावर उतरणाऱ्या लष्करी तुकड्या त्यांच्या ताफ्याच्या राखणीत गेल्या. ८ डिसेंबर १९४१ च्या मध्यरात्रीनंतर कोटा बारूच्या किनाऱ्यावर जपानी सैन्य उतरलं तेव्हा समोर बंकरमध्ये डोगरा रेजिमेंटचे जवान होते. म्हणजे ओझावांच्या युद्धाची पहिली रात्रच भारतीय माणसांशी भिडून सुरू झाली.

दुसऱ्या रात्रीचा एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. ९ डिसेंबर. प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या ब्रिटिश युद्धनौका सिंगापूरहून निघाल्यात, ओझावा चोकाई या क्रूझरवरून त्यांच्या शोधात आहेत, आणि सायगावहून उडालेली जपानी विमानंही. अंधारात विमानांना खाली एक मोठी नौका दिसते. वैमानिक प्रकाशझोताचा गोळा सोडतात. लख्ख उजेडात न्हालेली ती नौका चोकाईच असते. ओझावा तातडीने संदेश पाठवतात, की तुमच्या उजेडाखाली चोकाई आहे. विमानं थांबतात. ब्रिटिश नौका त्या वेळी तिथून काही मैलांवरच होत्या, आणि तो उजेड त्यांच्या एका विनाशिकेवरूनही दिसला. दोन्ही बाजू वळल्या, रात्रीची गाठ टळली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जपानी विमानांनी त्या दोन्ही नौका बुडवल्या. समुद्रावर युद्धनौकांचं राज्य संपल्याचं १० डिसेंबरला जगाला कळलं, ओझावांनी ते दीड वर्ष आधी कागदावर लिहून दिलं होतं.

मग एप्रिल १९४२. १ तारखेला ओझावा ब्रह्मदेशातल्या मर्गुईहून निघाले. पाच जड क्रूझर, एक हलकी, र्‍युजो ही लहानशी विमानवाहू नौका आणि चार विनाशिका. उपसागरात आल्यावर त्यांनी ताफ्याचे तीन भाग केले, उत्तर, मध्य, दक्षिण, आणि कलकत्ता-मद्रास मार्गावरची व्यापारी जहाजं वेचायला सुरुवात केली. या जहाजांना लढाऊ नौकांची सोबतच नव्हती. वीसच्या वर जहाजं बुडाली, एक लाख टनांहून जास्त. विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर आलेली विमानं र्‍युजोची. बॉम्ब थोडेच पडले, पण किनारा हादरला. मद्रासमध्ये जपानी आरमार आल्याची आवई उठली, सरकारी कचेऱ्या आत हलवल्या, लोक मिळेल त्या गाडीने निघाले, आणि प्राणिसंग्रहालयातले वाघ-सिंह बॉम्बहल्ल्यात सुटतील म्हणून गोळ्या घालून मारले.

विशाखापट्टणमचा जहाज कारखाना तेव्हा नुकता सुरू होत होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी सिंदिया कंपनीतर्फे घेतलेला तो ध्यास. २१ जून १९४१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि वर्ष व्हायच्या आत डोक्यावर जपानी विमानं. तिथलं पहिलं जहाज जलउषा पाण्यात उतरायला १९४८ उजाडलं.

प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटांजवळ जूनमध्ये नागुमोंच्या चार विमानवाहू नौका गेल्या. नोव्हेंबर १९४२ मध्ये नागुमोंच्या जागी ओझावा आले. ज्या ताफ्याची कल्पना त्यांनी मांडली तो अखेर त्यांच्या हाती आला. पण काय आला? नौका बांधता येतात, वैमानिक बांधता येत नाहीत. ओझावांनी १९४३ भर नवी पोरं घडवायचा प्रयत्न केला. ती जरा तयार झाली, की वरून हुकूम यायचा, विमानं नौकांवरून काढून जमिनीवर, रबौलच्या धावपट्टीवर पाठवा. संयुक्त आरमाराचे सरसेनापती यामामोतोंनी एप्रिलमध्ये तेच केलं, त्यांच्यानंतरच्या कोगांनी नोव्हेंबरमध्ये तेच केलं. नोव्हेंबरमध्ये गेलेल्या १७३ विमानांपैकी १२१ परत आली नाहीत. पुन्हा पहिल्यापासून पाटी-पेन्सिल.

१९ जून १९४४ ची फिलिपीन समुद्राची लढाई या सगळ्याचा हिशेब होता. ओझावांकडे नऊ विमानवाहू नौका आणि सुमारे ४३० विमानं. समोर १५ नौका आणि ९०० च्या आसपास विमानं. ओझावांची योजना मला आजही चोख वाटते. जपानी विमानांना चिलखत नाही म्हणून ती हलकी, म्हणून त्यांचा पल्ला लांब. तेव्हा शत्रूच्या पल्ल्याबाहेर राहून आपण आधी घाव घालायचा, विमानांनी पुढे जाऊन ग्वामच्या धावपट्टीवर उतरायचं, तेल-दारूगोळा भरायचा आणि परतताना पुन्हा घाव. बेटांवरच्या जपानी तळांवरची शेकडो विमानं आधीच शत्रूला जायबंदी करतील, हाही त्यात हिशेब. प्रत्यक्षात बेटांवरची विमानं लढाईआधीच संपली होती, आणि तिथल्या प्रमुखांनी, काकुतांनी, ते ओझावांना नीट कळवलंच नाही. आणि वैमानिक? काही तुकड्यांचं शिक्षण सहा महिन्यांचं, काहींचं जेमतेम दोन. लढाईआधीचा महिना ताफा तावी-तावीच्या नांगरवाड्यात अडकून पडला होता. तिथे धावपट्टी नाही, आणि बाहेर समुद्रात अमेरिकन पाणबुड्या. जे थोडं शिकले होते तेही महिनाभर न उडता विसरले.

दोन दिवसांनी ओझावांकडे उडू शकतील अशी ३५ विमानं उरली. ताइहो, शोकाकु, हियो या तीन विमानवाहू नौका गेल्या. ताइहो बुडताना त्यांना नौकेसोबतच राहायचं होतं, अधिकाऱ्यांनी समजूत घालून बाहेर काढलं. त्यांनी राजीनामा दिला, तो स्वीकारला गेला नाही.

लेटेच्या लढाईविषयी, म्हणजे त्यांच्या दुसऱ्या पराभवाविषयी, लिहायला बसलो तर धागा दुप्पट होईल. ते प्रतिसादांत बोलू. माझं म्हणणं एवढंच आहे, की ओझावांना 'दोन पराभवांचा सेनापती' म्हणून निकालात काढतात ते अन्यायाचं आहे. त्यांना जे हवं होतं ते १९४१ मध्ये दुसऱ्याला दिलं आणि संपल्यावर त्यांच्या हातात ठेवलं.

---

प्रतिसाद : माळरान

सुंदर लिहिलंय. एका बैठकीत वाचून काढलं. विशाखापट्टणमवर बॉम्ब पडल्याचं माहीत होतं, पण नागुमोच डोक्यात होता.

एक प्रश्न. एका वर्षाच्या ज्येष्ठतेसाठी इतकी मोठी गोष्ट चुकीच्या माणसाकडे जाते, हे मला पटायला जड जातंय. यामामोतोला हे बदलता आलं नसतं का?

---

प्रतिसाद : खाडीकाठ

@माळरान, नेमणुका नौदल मंत्रालयाच्या हातात. आणि जपानी नौदलात अकादमीची तुकडी आणि तिच्यातला क्रमांक माणसाला जन्मभर चिकटलेला असायचा. कनिष्ठाच्या हाताखाली ज्येष्ठाला ठेवणं जवळजवळ अशक्य. नागुमो त्यांच्या तुकडीत आठवे होते, ओझावा आपल्या तुकडीत ४५ वे, तेही असणारच.

नागुमोही पाणतीरवालेच, विमानांशी त्यांचा संबंध आला नव्हता. इथे मला त्यांच्याविषयीही वाईट वाटतं. जे काम मागितलं नाही, ज्याची गोडी नाही, ते गळ्यात पडलं. शेवटी जुलै १९४४ मध्ये सायपान बेटावर त्यांनी स्वतःला संपवलं, आणि फिलिपीन समुद्राच्या लढाईत ते सायपान वाचवायला निघालेला ताफा ओझावांचाच होता.

---

प्रतिसाद : इंजिनरूम

तेलवाहू जहाजांवर २२ वर्षं काढली आहेत, म्हणून ताइहोविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

ताइहो नवीकोरी नौका, मार्च १९४४ मध्येच नौदलात आलेली. उड्डाणाची धावपट्टी चिलखती, म्हणजे वरून बॉम्ब पडला तरी टिकेल अशी. तिला लागला एकच पाणतीर. अल्बाकोर पाणबुडीने सहा सोडले होते. साकिओ कोमात्सु नावाच्या वैमानिकाने नुकतंच उड्डाण केलं होतं, त्याला पाण्यात पाणतीराची रेघ दिसली, त्याने विमान वळवून थेट त्या पाणतीरावर घातलं. पण दुसरा एक लागलाच, सकाळी आठच्या सुमाराला. नौका जेमतेम वाकली, वेगही फारसा कमी झाला नाही. पुढची विमानं वर नेण्याची लिफ्ट अर्ध्यात अडकली होती, तर ते भोक फळ्या आणि जेवणघरातली टेबलं-बाकं टाकून झाकलं आणि उड्डाणं सुरू ठेवली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, शाब्बास.

आतमध्ये मात्र विमानाच्या पेट्रोलच्या टाक्यांना तडे गेले होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खोलगट जागी साचते. लिफ्टचा खड्डा म्हणजे वाफेची विहीरच झाली, आणि वरून तिच्यावर झाकण. वाफ हवेत एका ठरावीक प्रमाणात मिसळली तरच पेटते. फार दाट असली तर पेटत नाही, फार विरळ असली तरी नाही. दुरुस्तीच्या प्रमुखाने वास घालवण्यासाठी नौकेभरचे वायुवीजनाचे पंखे आणि झडपा उघडायला सांगितलं. त्यामुळे एका कोपऱ्यात साचलेली वाफ साऱ्या नौकेत पोचली, तीही नेमकी पेटण्याजोग्या प्रमाणात. सुमारे सहा तासांनी कुठेतरी ठिणगी पडली. ती चिलखती धावपट्टी आतून फुगून वर आली. स्फोटाला वर जायला वाट नाही म्हणून त्याने बाजू आणि तळ फोडला.

आमच्याकडे नव्या पोराला जहाजावर आल्याआल्या पहिला धडा हाच असतो, की टाकीत वाफ किती आहे ते मोजल्याशिवाय पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही. ताइहोवरच्या लोकांना हा धडा द्यायला कुणी अनुभवी माणूस उरला नव्हता. वैमानिकांचं जे झालं तेच नौका सांभाळणाऱ्यांचंही.

---

प्रतिसाद : खाडीकाठ

@इंजिनरूम, दंडवत. यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. भर एवढीच, की तेलाचाही प्रश्न होता. बोर्निओच्या ताराकानचं तेल न शुद्ध करता थेट बॉयलरमध्ये वापरायची परवानगी त्या मोहिमेसाठी दिलेली होती, कारण शुद्ध केलेलं पुरेसं पोचतच नव्हतं. हे कच्चं तेल जास्त ज्वालाग्राही.

---

प्रतिसाद : शुद्धमती

ओझावा की ओजावा? दोन्ही वाचलंय. आणि 'तावी-तावी' कुठे आलं?

---

प्रतिसाद : खाडीकाठ

उच्चार 'ओझावा'कडे झुकणारा, मी तोच धरलाय. तावी-तावी फिलिपीन्सच्या नैर्ऋत्य टोकाला, बोर्निओला खेटून. तेलविहिरींजवळ म्हणून निवडलं होतं.

---

प्रतिसाद : रानवाट

लेटेवर मी लिहितो, कारण माझ्या मते ओझावाची खरी ओळख तिथे होते.

ऑक्टोबर १९४४. अमेरिकन फौजा फिलिपीन्सच्या लेटे बेटावर उतरल्यात. जपानी योजना अशी, की अ‍ॅडमिरल कुरिताच्या मोठ्या युद्धनौका सान बर्नार्डिनो सामुद्रधुनीतून येऊन उतरणाऱ्या जहाजांवर तुटून पडतील. पण मध्ये अमेरिकन अ‍ॅडमिरल हॅल्सीचा बलाढ्य ताफा उभा. त्याला कुणीतरी दूर ओढून न्यायचं. ते काम ओझावाचं. उत्तरेकडून यायचं, दिसायचं, मार खायचा आणि हॅल्सीला मागे मागे न्यायचं. त्याच्याकडे चार विमानवाहू नौका होत्या : झुइकाकु, झुइहो, चितोसे, चियोदा. चारही नौकांवर मिळून विमानं शंभराच्या आसपास. २४ तारखेला त्यातली बहुतेक हल्ल्याला पाठवली, ती परत नौकांवर न येता लुझॉनला गेली किंवा पडली. २५ च्या सकाळी चार नौकांवर मिळून तीसही विमानं नव्हती.

आणि तरी तो पुढे गेला. मुद्दाम बिनतारी संदेश सोडत राहिला, आपण कुठे आहोत ते शत्रूला कळावं म्हणून. आयुष्यभर शिकलेली सगळी विद्या शत्रूला आपण सापडावं यासाठी वापरायची. २४ च्या संध्याकाळी अमेरिकन विमानांना तो दिसला आणि रात्री हॅल्सी सगळा ताफा घेऊन उत्तरेला निघाला. सामुद्रधुनी उघडी टाकून. पुढची लढाई ज्या भूशिराजवळ झाली त्याचं नाव केप एंगान्यो. स्पॅनिशमध्ये एंगान्यो म्हणजे फसवणूक. स्पॅनिश खलाशांनी काही शतकांपूर्वी ठेवलेलं नाव.

दिवसभरात अमेरिकन विमानांच्या ५०० वर फेऱ्या झाल्या. चारही नौका बुडाल्या. झुइकाकु ही पर्ल हार्बरला गेलेल्या सहांपैकी शेवटची. तिचा एक फोटो आहे, जरूर शोधून पाहा. धावपट्टी इतकी कललीय, की माणसांना उभं राहायला तोल सावरावा लागतोय, आणि सगळे एका दिशेला तोंड करून सलाम करताहेत, कारण ध्वज उतरवला जातोय. दुपारी दोनचा सुमार. थोड्याच वेळात ती गेली.

ओझावा तोवर ओयोदो या क्रूझरवर गेला होता. त्याने आपलं काम पूर्ण केलं होतं. तिकडे कुरिता सामारजवळ अमेरिकनांच्या लहान विमानवाहू नौकांना भिडला आणि ऐन वेळी माघारी वळला. हॅल्सी गळाला लागलाय, हे त्याला माहीतच नव्हतं. झुइकाकुची संदेशयंत्रणा बिघडली होती, ओझावाचा निरोप पोचला नाही. त्या चार दिवसांत सगळ्या जपानी सेनापतींमध्ये ठरलेलं काम तंतोतंत करणारा हा एकटा.

---

प्रतिसाद : सायली_क

रानवाट, तुमचा प्रतिसाद वाचून गलबललं. पण मला थांबावंसं वाटतं. 'ठरलेलं काम तंतोतंत केलं' यात त्या चार नौकांवरची हजारो माणसं आहेत. अठरा-वीस वर्षांची. त्यांना मरायला नेलं जातंय, हे नेणाऱ्याला निघतानाच माहीत होतं. याला कर्तबगारी म्हणताना माझी जीभ अडखळते.

आणि ओझावाच्या आयुष्यातला एप्रिल १९४५ कुणीच काढलेला नाही. तेव्हा तो टोकियोत नौदल मुख्यालयाचा उपप्रमुख होता. यामातो ही महाकाय युद्धनौका विमानांच्या छत्राशिवाय ओकिनावाकडे पाठवण्याचा बेत त्याच्यापुढे आला आणि त्याने अडवला नाही. ७ एप्रिलला ती बुडाली, तिच्यावरची जवळपास तीन हजार माणसं गेली. ज्या माणसाने १९४० मध्ये सांगितलं, की विमानांशिवाय आरमार आंधळं, त्याने हे होऊ दिलं. युद्धानंतरही त्याचं म्हणणं असं, की एकंदर वातावरण पाहता ती मोहीम तेव्हा योग्य वाटली आणि आजही वाटते. 'वातावरण' हा शब्द मला सगळ्यात जास्त खुपतो. बैठकीत सगळ्यांना कळतंय, की हे चूक आहे, आणि एकही जण तोंड उघडत नाही, तेव्हाच माणसं वातावरणाचं नाव घेतात.

---

प्रतिसाद : खाडीकाठ

@सायली_क, तुमचं बरोबर आहे, आणि मी मूळ लेखात हे टाळलं ते चुकलं.

मी ओझावांना दोन भागांत पाहतो आणि ते दोन भाग जुळत नाहीत. यामातोच्या बाबतीत त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. त्या खोलीत ते म्हणू शकेल असा त्यांच्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाचा नव्हता.

लेटेविषयी मात्र एक फरक करावासा वाटतो. तिथे ते स्वतः त्या नौकेवर होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये अमेरिकन अधिकाऱ्यांनी त्यांना प्रश्न विचारले, तेव्हा त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की आमचं पहिलं काम आमिष होण्याचंच होतं आणि ताफ्याचा बळी जाणार हे धरूनच निघालो होतो. फुशारकी नाही, सारवासारव नाही.

२९ मे १९४५ ला त्यांना संयुक्त आरमाराचं सरसेनापतिपद दिलं. या पदावरचे ते शेवटचे. पदासोबत पूर्ण अ‍ॅडमिरलची बढती येत होती, ती त्यांनी नाकारली. आरमार असं उरलंच नव्हतं, तेलाविना नांगरलेल्या नौका होत्या. शरणागतीच्या दिवशी उगाकी विमान घेऊन शेवटच्या हल्ल्याला गेले, दुसऱ्या दिवशी ओनिशींनी पोट चिरलं. एकेक वरिष्ठ असा जाऊ लागला तेव्हा ओझावा आपल्या अधिकाऱ्याला सांगत होते, की तू हे करायचं नाहीस, सगळेच गेले तर या युद्धाची निरवानिरव कोण करणार. लाखो माणसांना आणि नौकांना परत आणायचं काम पुढे होतं. त्या काळात, त्या गणवेशात 'जिवंत राहा' म्हणणं सोपं नव्हतं. यामातोच्या वेळी जे तोंड उघडलं नाही ते इथे उघडलं. उशिरा, पण उघडलं.

नंतर ते सेतागायाच्या एका साध्या घरात राहिले. आठवणी लिहिल्या नाहीत, फारसं कुणाशी बोलले नाहीत. ९ नोव्हेंबर १९६६ ला गेले, ८० वर्षांचे.

---

प्रतिसाद : सायली_क

शेवटचा परिच्छेद माहीत नव्हता. माझं मत बदललं नाही, पण हे सांगितल्याबद्दल आभार.

---

प्रतिसाद : माझगाव

थोडं मुंबईकडे वळवतो.

त्या एप्रिलात ब्रिटिशांचं ईस्टर्न फ्लीट सॉमरव्हिलच्या हाताखाली सिलोनच्या आसपास होतं. कोलंबो-त्रिंकोमालीनंतर त्याने जुन्या, मंद युद्धनौका आफ्रिकेच्या किनाऱ्यावर किलिंडिनीला पाठवल्या आणि वॉरस्पाइट, इंडोमिटेबल, फॉर्मिडेबल या वेगवान नौका घेऊन तो मुंबईला आला. म्हणजे पूर्व किनाऱ्यावर ओझावाने जहाजं वेचल्यावर त्याला अडवू शकणाऱ्या नौकांना सुरक्षित बंदर उरलं होतं ते आपलं. त्याच महिन्यात जपानी पाणबुड्या पश्चिम किनाऱ्यालगतही व्यापारी जहाजं बुडवत होत्या.

आणि धाग्यात 'वीसच्या वर व्यापारी जहाजं' एवढंच आलंय, त्या जहाजांवर कोण होतं ते आलेलं नाही. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर डेक आणि इंजिनातले खलाशी आपल्याकडचेच असत. सिल्हेट-चितगावचे होते, तसे रत्नागिरी-रायगडच्या खाड्यांमधले कोकणी मुसलमान होते, आणि खानपानाच्या खात्यात गोव्याचे. त्यांना लष्कर म्हणत, लॅस्कर. माझे आजोबा सारंग होते, बाणकोटकडचे. ते या जहाजांवर नव्हते, पण त्यांच्या वाडीतला एकजण १९४२ ला समुद्रावर गेला तो परतला नाही. त्याच्या बायकोने कित्येक वर्षं दर पावसाळ्याआधी त्याची ट्रंक उघडून कपड्यांना ऊन दाखवलं. आजी सांगायची, की ट्रंकेत एक चिनीमातीची किटलीही होती, रंगूनहून आणलेली. ती बाई किटली रोज पुसायची, पण तिच्यात चहा कधी केला नाही.

मशीद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. १९३९-४५ च्या युद्धात गेलेल्या शाही हिंदी नौदलाच्या आणि हिंदी व्यापारी जहाजांवरच्या सहा हजारांहून जास्त खलाशांच्या नावांचा स्मृतिग्रंथ तिथे ठेवलेला आहे. समुद्रात गेलेल्यांना कबर नसते, म्हणून नावांचा ग्रंथ. तसाच दुसरा चितगावला.

---

प्रतिसाद : माळरान

@माझगाव, मी मशीद बंदरला वीस वर्षं मसाल्याच्या कामासाठी जातो. ती इमारत रोज पाहिली आहे, आत कधी गेलो नाही.

---

प्रतिसाद : खाडीकाठ

@माझगाव, तुमच्या आजोबांच्या वाडीतल्या त्या माणसाचं नाव त्या ग्रंथात असेल का? जहाजाचं नाव घरात कुणाला आठवत असेल तर मला व्यक्तिगत निरोपातून कळवा. ओझावांच्या तिन्ही गटांनी बुडवलेल्या जहाजांची मी तारीखवार यादी केली आहे, ताडून बघतो. पुढच्या महिन्यात मुंबईला येणं आहे. आपण दोघं मिळून मशीद बंदरला जाऊ.

---

प्रतिसाद : माझगाव

जहाजाचं नाव काकांना विचारतो. ट्रंक अजून वाडीत आहे, तिच्या झाकणावर काहीतरी पांढऱ्या रंगाने लिहिलेलं होतं असं आठवतं. गणपतीला जाईन तेव्हा फोटो काढून पाठवतो.